शुक्रवारपर्यंत निकाल सांगायचा नाही

गाड्या गोल गोल फिरताना तीन-चार तास बघत बसणं याला मी खेळ मानायला तयार नव्हते, आणि अजमानला पोचल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. बाबा हसले. शेठ हसले. चाचांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "आणि बाय, तुमच्या क्रिकेटात दोघं जण इकडून तिकडे पळतात नि परत होते तिथेच येतात, ते काय असतं?"

मी गप्प बसले. माझ्या स्वभावात ते फारसं बसत नाही.

मी पुण्याहून आले होते. कॉलेज संपल्यावर घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायची, छापून आणायची, वाटायची, एवढंच करत होते. त्याचा पगार नव्हता. बाबांनी फोनवर सांगितलं, "व्हिजिट व्हिसा काढलाय. ये, इथे नोकरी बघ." मंदीचं दुसरं वर्ष चालू होतं. दुबईच्या क्रेन जागच्या जागी उभ्या होत्या, आमच्या बिल्डिंगमधली बिऱ्हाडं एकेक करून पेट्या बांधत होती, आणि माझे वडील मला नोकरी शोधायला बोलवत होते. त्यातला विनोद आमच्या घरात कुणाला दिसत नव्हता.

बाबा शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये ठोकलेल्या गाड्यांचा अंदाज काढायचे. मालकाला तिथे सगळे अरबाब म्हणायचे. गाडी आत आली की तिच्याभोवती एक चक्कर मारायची आणि काय बदलावं लागेल, काय ठोकून सरळ होईल, ते इन्शुरन्सवाल्यांना लिहून द्यायचं. चाचा डेंटर, म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे. रत्नागिरीकडचे. ते आणि बाबा पूर्वी एकाच वर्कशॉपमध्ये होते, नंतर चाचा दुसऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. शेठ रायगडचे, त्यांचं जवळच स्पेअर पार्टचं दुकान. चाचा बाबांना साहेब म्हणायचे, बाबा त्यांना चाचा म्हणायचे. दोघांचं वय साधारण सारखंच होतं, पण चाचांना सगळं औद्योगिक क्षेत्रच चाचा म्हणायचं.

ह्या तिघांना अमेरिकेतल्या स्टॉक कारचं वेड कुठून लागलं, तर एका म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनियरमुळे. तो चांगल्या दिवसांत आपली जुनी गाडी चाचांकडे आणायचा, काम चालू असताना तिथेच खुर्ची टाकून बसायचा आणि त्याच्या गावाकडच्या शर्यतींबद्दल बोलायचा. जाताना त्याने बाबांना आपली डिश आणि रेकॉर्ड करणारा खोका देऊन टाकला. बाबांना त्या शर्यतींत लगेच रस वाटला, कारण तिथे गाड्या एकमेकींना घासतात, धडकतात, भिंतीवर आपटतात, आणि तरीही चिकटपट्ट्या लावून पुन्हा पळतात. टक्कर झाली की बाबा खुर्चीत पुढे सरकायचे. "फेंडर गेला. बंपर गेला. डावीकडचा पत्रा संपूर्ण गेला. चार हजार दिरहम. म्हणजे बावन्न हजार रुपये!" चाचा म्हणायचे, "साहेब, अर्ध्यात करून देतो. पण पेंट तुमचा." हा संवाद दर शुक्रवारी व्हायचा आणि दर शुक्रवारी तिघांना तो नवा वाटायचा.

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळे झालं.

अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची पहाट, आणि शारजात रविवार म्हणजे कामाचा दिवस. त्यामुळे शर्यत खोक्यात रेकॉर्ड व्हायची आणि शुक्रवारी, जुम्म्याची नमाज उरकून चाचा आणि शेठ अजमानला आमच्या घरी आले की लावली जायची. मधल्या दिवसांत निकाल बघायचा नाही, ही शपथ. इंटरनेटवर बघायचं नाही, पेपरच्या क्रीडा पानावर बघायचं नाही. पण समजा चुकून कुणाला कळलाच, तर? तर त्याने दोन्ही हातांनी आपल्या कानाच्या पाळ्या धरायच्या. म्हणजे बाकीच्यांनी समजायचं की ह्याला माहीत आहे. मग शुक्रवारपर्यंत त्याच्याशी शर्यतीचं काही बोलायचं नाही, त्याला काही विचारायचं नाही, आणि त्याने तोंड उघडलं तर त्याला थांबवायचं.

माझी धाकटी बहीण तिथेच वाढलेली. तिला हे सगळं फार आवडायचं. ती म्हणायची, "इट्स लाइक अ सीक्रेट सोसायटी." मी म्हणायचे, पोरकटपणा आहे. आई म्हणायची, "असू दे ग. दारू पीत नाहीत, पत्ते खेळत नाहीत."

तो आठवडा कट ऑफचा होता. शब्द आईचा. बाबांनी तिला समजावून सांगितलं होतं की वर्षभराच्या शर्यतींचे गुण मोजून वरचे मोजकेच ड्रायव्हर शेवटच्या टप्प्यात जातात आणि किताब त्यांच्यातच ठरतो. कोण जाणार ते ज्या शर्यतीत पक्कं होतं, ती ही शर्यत. आई म्हणाली, "म्हणजे अकरावीची ॲडमिशन." तेव्हापासून कट ऑफ.

बाबांचा ड्रायव्हर आधीच वर होता. शेठचा केव्हाच बाहेर गेला होता. अधांतरी लटकलेला होता चाचांचा. निळ्या-पांढऱ्या गाडीतला, वयाने मोठा, चिडका माणूस. चाचांनी तो का निवडला होता? "ह्याची गाडी सगळ्यात जास्त ठोकलेली असते. मला आपली वाटते." त्याला आत जायचं तर एका तरण्या ड्रायव्हरच्या पुढे राहायला हवं होतं. महिनाभर हीच चर्चा. चाचांनी एकदा बाबांना विचारलं होतं, "साहेब, जो बाहेर जातो त्याची गाडी काढून घेतात काय?" बाबा म्हणाले, "छे. तोही शेवटपर्यंत पळतो सगळ्यांबरोबर. फक्त किताब नाही मिळत." चाचांना ते फार पटलं. "चांगली माणसं आहेत," म्हणाले.

रविवारी संध्याकाळी मी बाबांबरोबर शेठच्या दुकानात होते. औद्योगिक क्षेत्रातल्या दोन ऑफिसांत माझा बायोडेटा देऊन आले होते. दोन्हीकडे रिसेप्शनवरच्या मुलीने तो न बघता ट्रेमध्ये टाकला होता. दुकानात चाचा काउंटरला टेकून उभे होते. चेहरा असा, की शेठने आल्या आल्या बाबांना खूण केली.

"काय चाचा?" बाबांनी विचारलं. "तब्येत बरी ना?"

चाचांनी आमच्याकडे पाहिलं. मग हळूच दोन्ही हात वर नेले आणि कानाच्या पाळ्या धरल्या.

शेठने काउंटरवर हात आपटला. "झालं! ह्याला कळलं! आणि तोंड बघा ह्याचं. गेली, निळी गाडी गेली!"

"शेठ, बोलायचं नाही!" बाबा ओरडले.

"मी कुठे बोलतोय? तोंड बोलतंय त्याचं!"

चाचा हसल्यासारखे झाले. काउंटरवरची पिशवी उचलली आणि निघाले. बाबा पाठीमागून म्हणाले, "चाचा, कुठे बघितलंस रे? बेइमान!" त्यावरही ते काही बोलले नाहीत. नियमच होता तो.

घरी आल्यावर बाबांनी ते साभिनय सांगितलं. बहीण म्हणाली, "चाचाज फेस इज अ स्पॉइलर." मीही हसले.

ह्या ठिकाणी मला त्या वर्षाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मंदी कशी दिसते? टीव्हीवर ती पडलेल्या आलेखासारखी दिसायची. औद्योगिक क्षेत्रात ती अशी दिसायची, की लोक गाडीचा डेंट न काढता फिरायला लागले होते. आधी दाराला ओरखडा पडला तरी दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपच्या दारात. आता चेपलेल्या दारांच्या, लटकत्या बंपरच्या गाड्या सिग्नलला बिनधास्त उभ्या असायच्या. बाबा गाडी चालवता चालवता त्या मोजायचे आणि उदास व्हायचे. "हे बघ, दोन महिने झाले असतील ह्याला. गंज धरला." त्या प्रत्येक चेपलेल्या दारामागे कुणाच्या तरी हातातली हातोडी खाली ठेवलेली होती. आणि लोक म्हणतात मंदी 'आली'. ती काय वादळ आहे येऊन जायला? एका टेबलावर एक माणूस बसतो, एक नाव निवडतो, एका कागदावर सही घेतो. मंदी ही अशी केली जाते, एकेका माणसाला धरून. मी हे पत्रकात लिहिलं असतं, तर माझ्या संघटनेतल्या बायकांनी वाचायच्या आधीच मान डोलावली असती.

मंगळवारी जेवताना बाबा म्हणाले, "आमच्याकडे एक डेंटर सुट्टीवर गेला तो परत येत नाही म्हणतोय. अरबाब म्हणाला, गुरुवारपर्यंत माणूस आण, नाहीतर ती जागाच बंद करतो."

आई म्हणाली, "चाचांना विचारा की."

"चाचा? तो मजेत आहे तिथे. मोठं वर्कशॉप आहे. त्याला कशाला हलवायचं? इकडे पगार कमी." बाबांनी भात कालवला. "चाचासारखा हात मिळाला असता तर, पण नाही. शेठला सांगून ठेवतो."

बुधवारी बाबा घरी आले ते हसतच. "आज गंमत झाली. दुपारी चाचा वर्कशॉपमध्ये आला होता."

"कशाला?" आई.

"कशाला म्हणजे? पोटात राहत नसणार. माझ्या टेबलापाशी आला, इकडे तिकडे बघितलं, खुर्ची ओढली, आणि म्हणाला, साहेब, एक सांगायचं होतं. मी असा उठलो," बाबा खरंच उठून उभे राहिले, "आणि कानांत बोटं घातली! म्हटलं, एक अक्षर बोलू नको! शुक्रवारी! यल्ला, निघ इथून! सगळे पोरगे हसायला लागले. तो पण हसला बिचारा. बसला थोडा वेळ. पाणी प्याला, गेला."

बहीण टाळ्या वाजवत होती. आईने विचारलं, "उन्हाचे एवढ्या लांब आले होते?"

"वेड आहे ग त्याला," बाबा म्हणाले.

गुरुवारी शेठच्या ओळखीचा एक पोरगा बाबांच्या वर्कशॉपमध्ये लागला.

शुक्रवारी दोघं आले. शेठने आणलेले कबाब, आईची आमटी-भात-भाजी, आणि शिरा. ज्याचा ड्रायव्हर कट ऑफमध्ये पास होईल त्याचं तोंड आधी गोड करायचं, असं ठरलं होतं. बाबांच्या ड्रायव्हरची तर खात्रीच होती, म्हणून शिरा. चाचा नेहमीच्या जागी, खिडकीजवळ, जमिनीवर भिंतीला टेकून बसले. सोफ्यावर बसायला सांगितलं की ते म्हणायचे, "कपडे कामाचे असतात भाभी." त्या दिवशी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, तरी जमिनीवरच बसले.

शर्यत सुरू झाली. ती दिव्यांच्या उजेडातली शर्यत होती. लांबून गाड्या खेळण्यातल्या वाटत होत्या. पहिल्या अर्ध्या भागात काहीच होत नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. तेवढ्या वेळात जेवायचं. शेठ चाचांच्या ड्रायव्हरला श्रद्धांजली वाहत होते. "चांगला माणूस होता. रागीट होता, पण मनाने चांगला होता."

"शेठ, गप," बाबा म्हणाले.

"अरे, निकाल ह्याच्या तोंडावर पाच दिवस लावलेला आहे. आता काय गप?"

चाचा जेवत होते. खाली बघून, हळूहळू.

मग शेवटच्या काही फेऱ्या आल्या. तरणा ड्रायव्हर पुढे होता, निळी-पांढरी गाडी पाच-सहा गाड्या मागे. म्हणजे बाहेरच. शेठनी रिमोट उचलून बंद करायचं नाटक केलं. आणि तेवढ्यात वळणावर कुणीतरी कुणाला तरी मागून टेकलं, एक गाडी आडवी झाली, धूर झाला, आणि त्या धुरातून तरण्याची गाडी बाहेर आली ती भिंतीला घासत. पुढचं चाक गेलेलं. बाबा उभे राहिले. "सस्पेन्शन गेलं! गेलं, गेलं, पळत नाही आता ही!" निळी-पांढरी गाडी त्या गोंधळाच्या आतल्या बाजूने निघून गेली होती. पुन्हा शर्यत सुरू झाली. आम्ही सगळे उभे. मीसुद्धा! समालोचक गुण मोजत होता, आकडे वरखाली होत होते, आणि शेवटची फेरी संपली तेव्हा यादीत शेवटच्या जागेवर चाचांचा ड्रायव्हर होता. आत. नखभर फरकाने, पण आत.

शेठनी अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरच्यांनी छत ठोकलं. "अरे नाटक्या! हरामखोरा! पाच दिवस सुतकी तोंड करून फिरलास! आम्हाला बनवलंस!" त्यांनी चाचांच्या पाठीत गुद्दा घातला. बाबा इतके हसत होते की त्यांना बोलता येईना. "ह्याला सिनेमात घाला! सिनेमात घाला ह्याला! मी म्हटलं होतं ना, हा बेइमान आहे!" टीव्हीवर ड्रायव्हरचे मेकॅनिक त्याला गाडीतून ओढून काढत होते, त्याच्या अंगावर काहीतरी ओतत होते. आई शिऱ्याची वाटी घेऊन आली.

चाचा टीव्हीकडे बघत होते. तोंड उघडं.

"हा आत गेला?" त्यांनी विचारलं.

"आता बास कर नाटक," शेठ म्हणाले.

"नाय, खरंच. आत गेला?"

हसणं एकदम थांबलं नाही. ते आधी बाबांच्या चेहऱ्यावरून गेलं, मग शेठच्या. बहीण म्हणाली, "बट चाचा, यू टच्ड युवर इयर्स."

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"मला कसं माहीत असणार? मी कुठे बघितलं?"

"मग आठवडाभर तोंड का पाडलं होतंस?" बाबांनी विचारलं. अजून अर्धवट हसतच होते ते. हसणं बंद करायला चेहऱ्याला वेळ लागतो.

आईने वाटी खाली ठेवली आणि ती जमिनीवर त्यांच्या समोर बसली. "काय झालं चाचा?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. शनिवारी त्यांच्या वर्कशॉपमध्ये काही जणांना ऑफिसात बोलावलं. व्हिसा कॅन्सल करायच्या कागदावर सही घेतली. महिनाभराची मुदत. तेवढ्यात नवा कफील, म्हणजे व्हिसा देणारा नवा मालक, मिळाला तर राहायचं, नाहीतर खलास. "रविवारी शेठकडे तुम्ही विचारलंत, काय झालं. दुकानात गिऱ्हाईक होतं, पोरगी होती. तिथे कसं सांगणार? म्हणून कान धरले. म्हटलं, आता विचारणार नाय कोण. जरा सावरतो नि सांगतो."

"अरे पण मग मला येऊन सांगायचं नाहीस?" बाबांचा आवाज चढला.

"आलो होतो ना साहेब. बुधवारी."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाबांना बरं वाटलं असतं, असं मला आजही वाटतं. माणसाने नुसती माहिती द्यावी तसं ते बोलले. बाबा सोफ्यावर बसले.

आणि शेठ, ज्यांना तोंडावर ताबा कधीच नव्हता, बोलून गेले, "अरे देवा, आणि काल तर साहेबांच्याकडे डेंटरच्या जागी मी त्या केरळच्या पोराला..." मग थांबले. पण बोलून झालं होतं.

टीव्हीवर पास झालेले ड्रायव्हर एका ओळीत उभे होते. टोप्या, हसू, फोटो. कुणीच आवाज बंद करत नव्हतं.

"हात कसा आहे त्याचा?" चाचांनी विचारलं.

बाबांना प्रश्न कळला नाही. "कोणाचा?"

"नव्या पोराचा."

"कच्चा आहे," बाबा म्हणाले. "पत्रा जास्त ओढतो."

"शिकेल मग." चाचांनी शिऱ्याची वाटी उचलली. "भाभी, माझा माणूस पास झाला. हा शिरा माझाच ना?" आणि त्यांनी तो शिरा संपूर्ण खाल्ला. शेवटचा कणसुद्धा बोटाने पुसून. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढे काय झालं ते सरळ आहे. शनिवारी सकाळी बाबा अरबाबच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, आणखी एक माणूस घ्या, माझ्या पगारातून कापा. अरबाब वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांना चहा पाजला आणि सांगितलं, "हबीबी, गाड्या कुठे आहेत?" गुरुवारी लागलेल्या पोराला काढा असं बाबा म्हणू शकत होते. म्हणाले नाहीत. त्याच्याही गळ्यापर्यंत आलेलंच होतं. मग बाबा औद्योगिक क्षेत्रातल्या वर्कशॉपांत हिंडले. सगळीकडे मालक दारात खुर्ची टाकून बसलेले. शेठनी शारजाच्या रोल्ला भागात, अजमानमध्ये, जिथे ओळख होती तिथे विचारलं. "इन्शाल्ला" म्हणत सगळे. इन्शाल्ला म्हणजे नाही, हे मला त्या महिन्यात कळलं.

आणि मी? मी चिडले होते. मी बाबांशी भांडले. म्हटलं, चाचांच्या कंपनीत इतक्या जणांना काढलं, तर ते सगळे मिळून का नाही बोलले? लेबर ऑफिसला का नाही गेले? प्रत्येक जण आपापल्या खोलीत आपापला कागद उशीखाली घालून का झोपला? बाबा म्हणाले, "हळू बोल. भिंती पातळ आहेत." मी म्हटलं, ह्या भिंतींमुळेच! इथे सगळ्यांना न बोलण्याची शिकवण आहे. पगार सांगायचा नाही, काढलं तर सांगायचं नाही, गावाकडे तर मुळीच सांगायचं नाही. पुरुषांनी तर त्याचा खेळ केला, वर खुणा ठेवल्या, नियम केले, शपथा घेतल्या. माणूस समोर बुडतोय आणि तुम्ही म्हणताय, शुक्रवारी!

मी शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, असं आईने मला नंतर बजावलं. पण खोटं नव्हतं ते.

मुदत संपायच्या आधी चाचा निघाले. शारजा विमानतळावर आम्ही सगळे गेलो. सामान वजनात बसेना. काउंटरच्या बाजूला त्यांनी पेटी उघडली, आत सदरे, एक ब्लँकेट, बायकोसाठी घेतलेली डिनर सेटची खोकी, आणि त्यांच्या हातोड्या. पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळेही. पोलादाचंच वजन निम्मं. शेठ म्हणाले, "हातोड्या ठेव रे, मी पाठवतो नंतर." चाचांनी पेटीतले सदरे काढून शेठच्या हातात दिले, ब्लँकेट दिलं, हातोड्या परत नीट लावल्या. पेटी बंद केली. बाबांनी त्यांना मिठी मारली तेव्हा बाबाच रडत होते. चाचा म्हणाले, "साहेब, बस करा, पोरी बघतायत."

त्यानंतर आमच्या घरी शुक्रवारी शर्यत लागली नाही. शेठ यायचे, जेवायचे, जायचे. खोका मात्र दर रविवारी पहाटे आपोआप सुरू व्हायचा, लाल दिवा लागायचा, रेकॉर्ड करत राहायचा, कारण त्याला थांबवायचं कसं हे कुणी बघितलं नाही. एक दिवस जागा भरली आणि तो थांबला. किताब कुणाला मिळाला हे मला माहीत नाही. बाबांना माहीत असेल, तर त्यांनी सांगितलं नाही.

मला तिथे नोकरी लागली नाही. मी परत आले, आणि काही वर्षांनी आखातातून परतलेल्या कामगारांसाठी काम करायला लागले. पत्रकं पुन्हा मीच लिहायची. थकलेले पगार, अडकवलेले पासपोर्ट, एजंटची फसवणूक, सरकारने काय करावं याच्या मागण्या. रत्नागिरीकडच्या गावांत फिरताना एकदा चाचांचं गाव वाटेत आलं. खोटं कशाला, मी वाट वाकडी करून गेले.

घरीच होते. केस पूर्ण पांढरे. हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये जायचे, पण रोज काम नसायचं. चाचीने डिनर सेटच्या बशीतून केळ्याचे काप दिले. मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरून सगळं वाचलं. मध्ये मध्ये हुंकार भरत.

"चांगलं लिहितेस," म्हणाले. मग पत्रक घडी करून गुडघ्यावर ठेवलं. "एक विचारू? रागवू नको."

"विचारा ना."

"मोठा पोरगा डेंटिंग शिकला. पेंटिंग पण येतं. तुझ्या बाबांच्या ओळखीत तिकडे काय निघालं, तर..."

मी भडकले. "पुन्हा तिकडेच? चाचा, तुम्हाला काय दिलं त्यांनी? एका सहीवर हाकललं!"

"हाकललं ते मला आठवतंय. तू नको सांगू."

"मग इथे..."

"इथे काय? सांग." आवाज चढवला नाही त्यांनी. पत्रक माझ्यापुढे धरलं. "ह्यात लिहिलंय काय कुठे, इथे काय करायचं त्याने? मी सगळं वाचलं. मागण्या हायत. चांगल्या हायत. सरकार देईल तेव्हा देईल. पोरगा बावीसचा झालाय."

चाची म्हणाली, "भांडता काय पोरीशी."

"भांडत नाय. विचारतोय."

पत्रकात घालता येतील अशी वाक्यं होती, पुष्कळ होती, आणि त्यातलं एकही मला त्या ओटीवर बोलता आलं नाही. मी फोन काढला आणि बाबांना लावला. कामावर होते, मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. मी कुठे आहे ते सांगितलं. मी का फोन केला तेही सांगितलं.

"दे त्याला," बाबा म्हणाले.

मी फोन चाचांकडे दिला. इतक्या वर्षांनी बोलत होते दोघं. मला वाटलं होतं, आधी तब्येत विचारतील, भाभी कशी, पोरी कशा. तसं काही झालं नाही. "हां साहेब... हां... दोन्ही येतं... पासपोर्ट हाय, नवीन हाय... नाय, व्यसन नाय... दरवाजा चांगला काढतो, छताला अजून वेळ लागतो त्याला... हां. हां. बरं." फोन मला परत दिला. लाइन बंद झाली होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आजच विचारतो."

चाची लगेच आत गेली, पोराला फोन करायला. आतून तिचा आवाज येत होता, ती त्याला गॅरेजमधून लवकर ये म्हणून सांगत होती. चाचा अंगणाकडे बघत होते. मी चाचांजवळचं ते पत्रक उचललं आणि बाकीच्या गठ्ठ्यासकट पिशवीत घातलं. त्या गावात अजून वीस-पंचवीस घरं करायची ठरवली होती. ती तशीच सोडून मी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसले.